पितृपक्षातली मुदत

लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत जेवढे मराठी लोक गाडी चालवायला शिकले, त्यातले निम्मे तरी उल्हासच्या हाताखालून गेले असतील. पुण्यात उलट्या दिशेने स्कूटर घालण्यात ज्यांची हयात गेली, अशा भल्याभल्यांना त्याने राउंडअबाउटपाशी थांबायला शिकवलं. थांबणं हा त्याचा खास विषय. "घाई नाही, मागच्याला वाजवू दे हॉर्न," हे त्याचं पेटंट वाक्य. मी त्याची बायको, नंदा. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्याला रीतसर 'अहो' म्हणत असे. मग तो मला गाडी शिकवायला लागला आणि त्या भांडणांत 'अहो' काही टिकलं नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण भिडस्त. समोरच्याला नाही म्हणणं याला जमतच नाही. एका बाईंना तो, त्या सातव्यांदा नापास होईपर्यंत, "यू आर नियरली देअर" म्हणत राहिला. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. मी तर त्याला तोंडावर ऐकवायचे, आणि तो हसून चहा टाकायला उठायचा.

असा माणूस मंडळाचा सेक्रेटरी होणार नाही तर काय होणार? आमचं मराठी मंडळ तसं लहान, पण रीतसर नोंदणी झालेली चॅरिटी. गणपती, दिवाळी आणि रविवारचा मराठीचा वर्ग, सगळं ब्रॅम्बल क्लोज प्रायमरीच्या हॉलमध्ये. सरकारी शाळा, विटांची, बुटकी. कोट अडकवायच्या खुंट्या गुडघ्याच्या उंचीवर, त्यामुळे गणपतीत सगळ्यांच्या शाली आणि जॅकेटं जमिनीवर लोळायची. परिसरात मुलंच कमी झाली तशी शाळेचे वर्ग एकेक करून रिकामे पडले, आणि शेवटी शाळा बंद झाली. इमारत मात्र उभी होती. हॉल तेवढा कौन्सिलने लोकांना वापरायला दिला होता, पुढचं ठरेपर्यंत.

आमच्याखेरीज हॉल वापरायची ती सारा. याच शाळेत ती पूर्वी वर्गात बाईंना मदत करायची. शाळा बंद झाल्यावर तिने तिथेच, ज्यांची स्मरणशक्ती गेली आहे अशा म्हाताऱ्यांसाठी, आठवड्यातून तीन दिवस सकाळी मंडळी जमवायला सुरुवात केली. चहा, बिस्किटं, जुनी गाणी, थोडं बागकाम. त्यात तिचे वडीलही होते. गावातले जुने म्हातारे, पुष्कळसे लहानपणी याच शाळेत शिकलेले. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवायचं नाही, पण हॉलमध्ये शिरले की वाकून बरोबर त्या बुटक्या खुंटीला कोट अडकवायचे. साराचे वडील घरी दिवसभर येरझाऱ्या घालायचे आणि इथे आले की खुर्चीत बसून राहायचे. सारा म्हणायची, माझी झोप या हॉलवर अवलंबून आहे.

मला वाटायचं, शाळा बंद पडली की कौन्सिल कुलूप लावते आणि विकून मोकळी होते. तसं नसतं. सरकारी शाळेची जागा विकायची तर वर शिक्षणमंत्र्यांकडे जावं लागतं. आधी दुसऱ्या कुठल्या शाळेला ती हवी आहे का ते बघायचं. मैदानाची परवानगी आणखी वेगळी, आणि गेल्या दहा वर्षांत त्यावर मुलं खेळली असतील तर ते मैदानच धरायचं, मग गवत गुडघ्याएवढं का होईना. हे सगळं मला उल्हासने सांगितलं. पाठ्यपुस्तक वाचावं तसे त्याने हे नियम वाचले होते. आणि त्यातच त्याला आणि साराला एक वाट सापडली होती.

आमच्याकडे कौन्सिलच्याही दोन पात्या, थोरली जिल्ह्याची आणि धाकटी गावाची. शाळा थोरलीच्या मालकीची. धाकटीकडे एक यादी असते, लोकांच्या उपयोगाच्या वास्तूंची. त्या यादीत नाव लागलं की मालकाला परस्पर विकता येत नाही. विकायचं ठरलं की त्याने धाकटीला कळवायचं. तिथून सहा आठवड्यांत गावातल्या एखाद्या संस्थेने 'आम्हालाही बोली लावायची आहे' एवढं लिहून दिलं, की विक्री पुढे काही महिने थांबते आणि लोकांना पैसे उभे करायला वेळ मिळतो. उल्हासने घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या आणि शाळेचं नाव यादीत लागलं. त्या दिवशी साराने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. हा लाजून लाल झाला होता.

मेख एकच होती. ते पुढचं 'बोली लावायची आहे' हे पत्र नोंदणी झालेल्या संस्थेनेच द्यावं लागतं. साराची संस्था म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि दोन किटल्या. नोंदणी होती ती आमच्या मंडळाची. म्हणजे तिच्या हॉलची दोरी आमच्या हातात होती, आणि मंडळाचा सेक्रेटरी उल्हास.

शाळा विकायला काढल्याचा ईमेल मंडळाच्या पत्त्यावर आला तेव्हा आमच्याकडे गणपतीची धामधूम होती. मंडळाचे ईमेल उल्हासने बरेच दिवस उघडलेही नव्हते. उघडला तेव्हा मखराचा रंग हाताला लागलेला, दारात ढोल-ताशावाले पार्किंग विचारत उभे. मुदत कुठल्या दिवसापासून धरायची ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. याने वाचलं ते 'सहा आठवडे' एवढंच, आणि मोजायला सुरुवात केली ती स्वतः ईमेल उघडल्या दिवसापासून.

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी कमिटी आमच्या घरी बसली. शार्दूल, आमचा खजिनदार, तिशीतला, नागपूरहून व्हिसावर आलेला. तो म्हणाला, "काका, आत्ताच पाठवून टाकू. टू मिनिट्स लागतील."

मनीषाताई अध्यक्ष. सत्तरी ओलांडलेल्या, मंडळ ज्यांनी स्वतःच्या फ्रंट रूममध्ये सुरू केलं त्या. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "अहो उल्हास, आजपासून पितृपक्ष लागला. नव्या वास्तूची बोलणी आत्ता? माझ्या हयातीत तरी नको."

"ताई, साधा ईमेल आहे," शार्दूल म्हणाला. "वास्तुशांत नाही."

"तुला हसू येईल बाबा. आम्ही इथलं पहिलं घर पितृपक्षात घेतलं. ह्यांनी माझं ऐकलं नाही. दिवाळीपर्यंत मी एकटी होते त्या घरात."

शार्दूलने मान खाली घातली. ताई पुढे म्हणाल्या, "दसरा आहे ना. साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी पाठवू, सगळे मिळून. तोवर मुदत आहे का, एवढं सांगा."

सगळे उल्हासकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर उल्हासचा पितृपक्षावर काडीचा विश्वास नाही. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरी पानसुद्धा वाढलेलं नाही. पण समोर ताई बसलेल्या, डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "आहे. मी मोजलंय. दसऱ्याच्या पुढे जाते मुदत." ठराव सर्वानुमते झाला. आमच्या मंडळात सगळेच ठराव सर्वानुमते होतात, कारण विरोध असणारे घरी जाऊन विरोध करतात.

दोन दिवसांनी आम्ही मखर सोडवायला हॉलवर गेलो. साराची मंडळी नुकतीच उठली होती. ती कप विसळत होती. उल्हासला बघून तिने हात पुसले आणि इंग्रजीत विचारलं, "ते पत्र गेलं ना, उल्हास? मी कौन्सिलला फोन करून एकदा खात्री करून घेऊ का?"

"नो नो, नो नीड," उल्हास म्हणाला. "ऑल डन."

मी खांद्यावर थर्माकोलचा खांब घेऊन उभी. गाडीत बसल्यावर मी त्याच्यावर उखडलेच. "काय डन? काय डन झालंय रे?"

"नंदा, तिला काय सांगू? आमचे पूर्वज पंधरा दिवस खाली येतात, आम्ही कावळ्यांना जेवायला घालतो, म्हणून तुझा ईमेल थांबलाय? म्हणून बघ एकदा इंग्रजीत."

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं आणि मला फस्सकन हसू आलं. तोही हसला. "दसऱ्याला जातोच आहे ना मेल," तो म्हणाला, "मग खोटं कुठे झालं? जरा आधी सांगितलं, इतकंच." तिने त्या दिवशी कौन्सिलला फोन केला असता तर खरी तारीख तिथल्या तिथे कळली असती. तो फोन उल्हासने थांबवला.

दसऱ्याला मनीषाताईंच्या घरी सगळे जमलो. ताईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. दुपारचा विजयमुहूर्त गाठून उल्हासने बटण दाबलं. टाळ्या झाल्या. आपट्याची पानं मिळाली नव्हती म्हणून कुणीतरी कागदाची कापून आणली होती, ती एकमेकांना देऊन सोनं लुटलं आणि श्रीखंड-पुरीवर ताव मारला. उल्हासच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी आमच्या ईशानीच्या पदवीदानालाही पाहिला नव्हता.

सोमवारी त्याने दोन धड्यांच्या मध्ये गाडी बाजूला लावून मला फोन केला. "नंदा, गेलं," एवढंच म्हणाला. मला वाटलं कुणाचं तरी काही झालं. मग त्याने धाकट्या कौन्सिलचं उत्तर वाचून दाखवलं. गोड, थंड इंग्रजी. मालकाची सूचना आमच्याकडे आली त्या दिवसापासून मुदत सुरू झाली, ती संपली. आपलं पत्र त्यानंतर आलं. क्षमस्व. उशीर फक्त काही दिवसांचा होता. उल्हास रडत होता, आणि फोनमध्ये मागून त्याच्या पुढच्या विद्यार्थिनीची काचेवरची टकटक ऐकू येत होती.

साराला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणजे काय सांगितलं, तर "दे डिडन्ट ॲक्सेप्ट इट." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. सारा कौन्सिलच्या नावाने कडाकडा बोटं मोडत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू मात्र जिवाचं रान केलंस रे. तुझे उपकार कसे फेडू?" उल्हास फोन ठेवून संडासात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मनीषाताईंनाही त्याने सांभाळूनच घेतलं. आपलं मोजायचं चुकलं, एवढंच म्हणाला. पितृपक्षाचा 'प'सुद्धा काढला नाही. ताई म्हणाल्या, "देवाच्या मनात नव्हतं," आणि दिवाळी पहाटेचा विषय काढला. मंडळाला काय, दुसरा हॉल मिळाला, मोठा, पार्किंगसकट. आमचं काही अडलं नाही. अडलं ते साराच्या म्हाताऱ्यांचं. काही जण लायब्ररीत जायला लागले, काही घरीच बसले. नव्या वर्षात शाळेभोवती निळ्या फळ्यांचं कुंपण उभं राहिलं.

साराचे वडील रोज सकाळी कोट घालून घरातून निघायचे आणि त्या फळ्यांसमोर जाऊन उभे राहायचे. आत जायचं दार शोधायचे. एकदा ते दार शोधत शोधत मोठ्या रस्त्यावर गेले, गाड्यांच्या मध्ये. एका बसवाल्याने त्यांना वाचवलं. हे साराने उल्हासलाच फोन करून सांगितलं, कारण तिच्या दृष्टीने तो जवळचा माणूस होता.

ईशानी आमची मुलगी, ब्रिस्टलला विमानाच्या पंखांवर काम करते, जन्म इथलाच. तिने सगळे नियम वाचून फोन केला. "बाबा, तुझा चूक नाही आहे. इट्स ओन्ली अ राइट टू बिड. सहा मंथ्स थांबून ते नो म्हणू शकले असते. यू वुड हॅव लॉस्ट इट एनीवे."

"म्हणू शकले असते," उल्हास म्हणाला. "पण त्यांना म्हणावं लागलंच नाही ना, बेटा. त्यांच्याआधी मीच म्हणून टाकलं."

मग त्याने साराला सांगून टाकलं, दर मंगळवारी मी तुझ्या वडिलांना शेजारच्या बुशीतल्या म्हाताऱ्यांच्या क्लबात नेऊन आणतो. त्या दिवशीचे दोन धडे त्याने कायमचे बंद केले. छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, पुढे-मागे लाल 'एल', आणि शेजारी पंच्याऐंशी वर्षांचा तो माणूस. तो प्रत्येक मंगळवारी विचारायचा, "आपण शाळेत चाललो ना?" आणि उल्हास म्हणायचा, "हो." घरी येऊन मला सांगायचा आणि जेवण ताटात तसंच सोडायचा.

माझा काही संतांचा स्वभाव नाही. एके दिवशी मी ताट उचलून सिंकमध्ये आपटलं. "गाडी फिरवून प्रायश्चित्त होत नाही, उल्हास. जा आणि सांग तिला."

"सांगितलं तर ती त्यांना माझ्या गाडीत बसवेल का?"

"नाही बसवणार. तो तिचा हक्क आहे."

"मग त्यांचं काय?"

पण एक सांगते, तो म्हाताऱ्याच्या काळजीचं नाव पुढे करत होता आणि त्यामागे स्वतः लपत होता. तेही त्याला कळत होतं, म्हणूनच जेवण जात नव्हतं.

शेवटी गळा आवळला तो साराच्याच चांगुलपणाने. उन्हाळ्यात कौन्सिल गावातल्या सेवाभावी माणसांचा सत्कार करते. साराने उल्हासचं नाव परस्पर सुचवलं. 'शाळा वाचवण्यासाठी धडपडलेला आणि हरल्यावरही न थांबलेला माणूस,' असं काहीतरी लिहून. तिने आनंदाने फोन करून हे सांगितलं. उल्हासने फोन ठेवला, गाडीची किल्ली उचलली आणि तो म्हणाला, "नंदा, चल माझ्याबरोबर."

साराचं स्वयंपाकघर लहान, दोन खुर्च्यांचं. वडील बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. मी दारातच उभी राहिले. उल्हास बसलासुद्धा नाही. त्याने सगळं सांगितलं, न थांबता, आणि या वेळी काही म्हणता काही गाळलं नाही. पितृपक्ष, कावळे, मनीषाताईंचे यजमान, दसरा, लॅपटॉपवरचं झेंडूचं फूल. चुकीच्या दिवसापासून मोजलं ते. "ऑल डन" म्हणालो तेव्हा काहीच झालेलं नव्हतं, हेसुद्धा. "आणि तुला खरं कारण सांगितलं नाही," तो म्हणाला, "कारण मला लाज वाटली. तू हसशील असं वाटलं."

सारा ओट्याला टेकली. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या बाळंतपणाच्या वेळी," ती म्हणाली, "माझ्या आईने बाळ होईपर्यंत बाबागाडी घरात येऊ दिली नाही. दुकानातच ठेवून घेतली होती. आधी आणली तर बाळाला धोका असतो म्हणे. माझा नवरा चिडला, पण आम्ही आणली नाही." ती उल्हासकडे बघत होती. "मी हसले असते, असं वाटलं तुला? मी म्हटलं असतं, ठीक आहे, तुमचे पंधरा दिवस होऊ देत, तोवर मी कौन्सिलला तारीख विचारून ठेवते."

आपल्यातही बाळ व्हायच्या आधी पाळणा आणत नाहीत. मला तिथे उभ्या उभ्या ते आठवलं आणि मला माझ्या गाडीतल्या त्या हसण्याची किळस आली. उल्हास रडत होता. आयुष्यभर त्याने ज्यांच्यात घर केलं, ज्यांना घरी बोलावून करंज्या खाऊ घातल्या, त्या माणसांबद्दल मनातून त्याला काय वाटत होतं, हे त्या बाईने त्याला एका वाक्यात दाखवलं होतं.

"त्या सत्काराचं मी कळवते त्यांना, नको म्हणून," सारा म्हणाली.

"हो," उल्हास म्हणाला.

तिने आमच्यासाठी दार उघडलं. एरवी निघताना ती त्याच्या पाठीवर थाप मारून 'टा, लव्ह' म्हणायची, तिचं ते लाडाचं थँक्यू. त्या दिवशी हात दाराच्या कडीवरच राहिला.

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "तुला माफ केलं म्हणून नव्हे. त्यांना दुसरं काही उरलेलं नाही म्हणून."

उल्हास दर मंगळवारी जातो. सारा दार उघडते, वडिलांच्या कोटाची बटणं लावून देते, त्यांना गाडीत बसवते आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता आत जाते.